तांबूल, सुपारी व मुखातील सूक्ष्मजीवसृष्टी

मानवाच्या मुखात दात, हिरड्या, जीभ, टाळू व गालांची आतील बाजू यांवर सूक्ष्मजंतू, कवके, व्हायरस इत्यादींचा जो समुदाय जन्मभर नांदत असतो, त्यास मुखातील सूक्ष्मजीवसृष्टी असे म्हणतात. या समुदायाचा समतोल टिकून राहिला, तर तो शरीरास उपकारक ठरतो. तो ढळला, तर दंतक्षय (दात किडणे), हिरड्यांचे रोग व त्यांच्या अनुषंगाने इतर काही विकार उद्‌भवतात. हा समतोल राहणे वा बिघडणे हे माणूस मुखात काय घालतो आणि मुखाची स्वच्छता कशी राखतो, यांवर पुष्कळसे अवलंबून असते. भारतात, विशेषतः कोकण किनाऱ्यावर, अन्नाखेरीज मुखात सर्वांत अधिक काळ राहणारा पदार्थ म्हणजे तांबूल अथवा विडा व त्यातील सुपारी. सुमारे दोन हजार वर्षे मुखशुद्धीचे साधन म्हणून गौरविली गेलेली सुपारी विसाव्या शतकात मुखाच्या एका असाध्य रोगाचे व कर्करोगाचे कारण म्हणून ओळखली गेली. सूक्ष्मजीवविषयक ज्ञानाचा व तांबूलविषयक ज्ञानाचा विकास दीर्घकाळ स्वतंत्रपणे झाला. १९८० नंतर मात्र ते एकमेकांस येऊन मिळाले. सुपारीसाठी नामांकित असलेल्या रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन या गावाच्या दृष्टीने हा इतिहास विशेष महत्त्वाचा आहे.

श्रीवर्धन व सुपारी : सुपारी म्हणजे पोफळ (ॲरेका कॅटेचू) या ताडकुलातील वृक्षाच्या फळातील बी होय. हा वृक्ष मूळचा आग्नेय आशियातील असून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड फार प्राचीन काळापासून होत आली आहे. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यात समुद्राच्या पुळणीमागील अरुंद, वाळूमिश्रित जमिनीत गोड्या पाण्याच्या विहिरींच्या आधाराने नारळ व पोफळ यांच्या वाड्या उभ्या आहेत. नारळाच्या सावलीत पोफळी, पोफळीवर मिऱ्याचे वेल आणि मधूनमधून जायफळ व केळ अशी या वाड्यांची मिश्र रचना असते. येथील सुपारी ‘श्रीवर्धनी रोठा’ या नावाने ओळखली जाते. ती आकाराने मोठी असून आतील गरात पांढऱ्या भागाचे प्रमाण जास्त असल्याने तिला बाजारात चांगला भाव मिळतो. पिकलेली फळे सालीसकट सु. दीड महिना उन्हात वाळवून नंतर सोलतात. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धन येथे आहे.

श्रीवर्धन हे निजामशाही व पुढे आदिलशाही अंमलात एक महत्त्वाचे बंदर होते. नंतर ते जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात गेले. पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ (पेशवेपदाचा काल १७१३–२०) याच्या भट घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती व सिद्दीशी वितुष्ट आल्याने त्या घराण्यास गाव सोडून देशावर जावे लागले. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व श्रीवर्धन कुलाबा जिल्ह्यात आले. या जिल्ह्याचे रायगड असे नामांतर १९८१ मध्ये करण्यात आले. राजवटी बदलल्या, तरी गावाच्या अर्थव्यवस्थेतील सुपारीचे स्थान कायम राहिले.

महाराष्ट्राच्या लोकजीवनात सुपारीचे स्थान केवळ खाद्यपदार्थाचे नाही. पूजेच्या आरंभी तांदळावर मांडलेली सुपारी गणपतीचे प्रतीक मानली जाते. विवाह ठरला म्हणजे ‘सुपारी फुटली’ असे म्हणतात. कार्य अंगावर घेणे म्हणजे ‘विडा उचलणे’, हा वाक्प्रचार दरबारी रीतीतून आला आहे. भोजनोत्तर विडा देणे हा आतिथ्याचा भाग व तो न देणे हा उणेपणा समजला जाई. त्यामुळे सुपारीच्या आरोग्यविषयक परिणामांचा विचार करताना तिचा मंगलकार्यातील उपयोग व ती नित्य चघळण्याची सवय या दोन गोष्टी निराळ्या धरणे आवश्यक ठरते. अपाय होतो तो सवयीने.

प्राचीन कल्पना : मुखरोग मानवास फार पूर्वीपासून जडलेले आहेत. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात (१९६८–८३) इ. स. पू. सु. १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे सांगाडे मिळाले. त्यांतील दातांमध्ये दंतक्षय आढळून आला. शिकार व अन्नसंकलन करणाऱ्या समाजांपेक्षा धान्य पिकवून खाणाऱ्या समाजांत हा रोग अधिक असतो, हे जगात अनेक ठिकाणी दिसून आले आहे. प्राचीन दातांवरील किटणात अडकून राहिलेल्या डीएनएच्या अभ्यासावरून, शेतीचा उदय व औद्योगिक क्रांती या दोन्ही प्रसंगी युरोपीय लोकांच्या मुखातील सूक्ष्मजीवांच्या रचनेत बदल झाला, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले.

आयुर्वेदात मुखाचा विचार विस्ताराने केलेला आहे. सुश्रुतसंहितेत ओठ, दंतमूल, दात, जीभ, टाळू, कंठ व सर्व मुख अशा सात स्थानी होणारे एकूण ६५ मुखरोग वर्णिले आहेत. त्यांत दंतशर्करा (दातांवर साचणारे कठीण किटण), कृमिदंत (किडका दात) व हिरड्यांतून रक्त येणारा शीताद यांचा समावेश आहे. दात कृमींमुळे किडतात, ही कल्पना बॅबिलोनियातही होती. तो कृमी डोळ्यांना दिसणारा असावा अशी समजूत असली, तरी रोगाचे कारण एखादा सजीव आहे, हा तिच्यातील गाभा लक्षणीय आहे. कडुनिंब, खैर, करंज इत्यादींच्या काड्यांनी दात घासणे, जीभ खरवडणे, तेलाच्या वा काढ्याच्या गुळण्या करणे असे दिनचर्येचे नियम चरक व सुश्रुत या दोघांनी सांगितले आहेत. त्यांतच मुख स्वच्छ, सुगंधी व रुचियुक्त राहावे म्हणून जायफळ, लवंग, कंकोळ, कापूर, सुपारी व नागवेलीचे पान मुखात धरावे, असाही उपदेश आहे. तांबूलाची आरोग्यदायक म्हणून ख्याती येथूनच रूढ झाली.

या विड्यात तंबाखू नव्हती. ती पोर्तुगीजांनी भारतात आणली. विजापूरहून असद बेगने सु. १६०४ मध्ये ती अकबराच्या दरबारी नेल्याचा वृत्तांत उपलब्ध आहे. पुढे ती विड्यात शिरली आणि महाराष्ट्रात भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मशेरी, दातांना व हिरड्यांना लावण्याची चाल, विशेषतः स्त्रियांमध्ये, पडली. दात स्वच्छ करण्याचे साधन या समजुतीने सुरू झालेली मशेरी ही प्रत्यक्षात तंबाखूचे व्यसन ठरली.

सूक्ष्मजीवांचा शोध : मुखातील सूक्ष्मजीव प्रथम पाहिले ते डच संशोधक आंतोनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांनी. स्वतःच्या दातांमधील पांढरा थर पाण्यात मिसळून साध्या भिंगाखाली पाहिला असता त्यांना हालचाल करणारे असंख्य ‘सूक्ष्म प्राणी’ दिसले. हे निरीक्षण त्यांनी १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. तथापि या जीवांचा रोगाशी संबंध जोडला जाण्यास आणखी दोन शतके लागली. बर्लिन येथे कार्य करणारे अमेरिकन दंतवैद्य विलबी डी. मिलर (१८५३–१९०७) यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मुखातील सूक्ष्मजंतू पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून अम्ल तयार करतात, हे अम्ल दंतवल्क (दातावरील कठीण कवच) विरघळविते आणि मग आतील भागाचा नाश होतो. दंतक्षयाची आजची उपपत्ती मूलतः हीच आहे.

जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा सूक्ष्मजंतू वेगळा केला. परंतु पुढे सु. तीन दशके तो दुर्लक्षितच राहिला. १९५४ मध्ये अमेरिकेत एफ. जे. ऑर्लंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांना भरपूर साखर दिली, तरी त्यांचे दात किडले नाहीत. जंतू मुखात सोडताच ते किडले. दंतक्षय हा एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे संक्रमित होऊ शकतो, हे पॉल कीझ यांनी १९६० मध्ये दाखविले. याच सुमारास साखरेचा वाटाही स्पष्ट झाला. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील अभ्यासात (१९४५–५३) साखरेच्या एकूण प्रमाणापेक्षा ती किती वेळा व किती चिकट स्वरूपात खाल्ली जाते, हे अधिक महत्त्वाचे असल्याचे आढळले. मात्र हे प्रयोग मनोरुग्णालयातील मतिमंद व्यक्तींवर त्यांच्या संमतीवाचून केले गेल्याने त्यांवर पुढे कठोर टीका झाली.

हिरड्यांच्या रोगांबाबतचा निर्णायक प्रयोग डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हॅरल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये केला. निरोगी हिरड्या असलेल्या बारा व्यक्तींनी दात घासणे पूर्ण थांबविल्यावर दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच ती ओसरली. यावरून दातांवरील मऊ किटण हेच सुजेचे कारण असून ते काढून टाकणे हा तिच्यावरील उपाय आहे, हे सिद्ध झाले.

यानंतर एखाद्या विशिष्ट जंतूस दोषी ठरविण्याऐवजी समग्र समुदायाचा विचार करण्याकडे कल झुकला. फिलिप मार्श यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या परिस्थितिवैज्ञानिक उपपत्तीनुसार रोगकारक जंतू निरोगी मुखातही अल्प प्रमाणात असतातच. वारंवार साखर खाणे, लाळ कमी होणे किंवा किटण साचणे यांमुळे परिस्थिती पालटली की, तिला अनुकूल असे जंतू बळावतात. आनुवंशिक द्रव्यावरून जंतू ओळखण्याच्या तंत्राने आतापर्यंत मानवी मुखात सु. ७०० जातींचे सूक्ष्मजंतू आढळले आहेत. त्यांपैकी कित्येक प्रयोगशाळेत वाढविता येत नसल्याने पूर्वी अज्ञातच होते. एका व्यक्तीच्या मुखात सामान्यतः यांपैकी शंभर-दोनशे जाती असतात.

मुखातील सूक्ष्मजीवांचे कार्य : अर्भकाचे मुख जन्मतः जवळजवळ निर्जंतुक असते. काही तासांतच मातेकडून व परिसरातून आलेले सूक्ष्मजंतू तेथे वस्ती करू लागतात. दात उगवल्यावर त्यांच्या कठीण पृष्ठभागावर चिकटू शकणाऱ्या जंतूंची भर पडते. दात घासल्यानंतर काही मिनिटांतच त्यांवर लाळेतील प्रथिनांचे पातळ पटल तयार होते. त्यावर आरंभीचे जंतू चिकटतात आणि त्यांच्या आधाराने इतर येतात. अशा रीतीने किटणाचा थर वाढत जातो व लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट साचून तो कठीण होतो. किटणातील अम्लतेचे पीएच मूल्य सु. ५·५ च्या खाली गेले की, दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे अम्ल उदासीन करते व गेलेली खनिजे काही अंशी परत देते; फ्ल्युओराइडाने या क्रियेस साहाय्य होते. दर वेळी गोड खाल्ल्यावर हा ऱ्हास व भरपाई यांचा क्रम चालू होतो आणि ऱ्हासाचे पारडे सतत जड राहिले म्हणजे दात किडतो.

दात व हिरडी यांमधील खाचेत ऑक्सिजनावाचून जगणारे जंतू वाढतात. त्यांपैकी पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस हा जंतू संख्येने थोडा असूनही शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत बिघाड करून सर्व समुदायाचे स्वरूप पालटू शकतो. परिणामी सूज खोल जाते, दाताभोवतालचे हाड झिजते आणि शेवटी निरोगी दिसणारे दातही हलू लागतात. यालाच लोकव्यवहारात पायोरिया म्हणतात.

या समुदायाची उपकारक बाजूही मोठी आहे. मुखात स्थिरावलेले निरुपद्रवी जंतू बाहेरून येणाऱ्या रोगकारक जंतूंना जागा मिळू देत नाहीत. पालेभाज्यांतून मिळणारे नायट्रेट रक्तातून लाळेत येते. जिभेच्या मागील भागावरील सूक्ष्मजंतू त्याचे नायट्राइटामध्ये रूपांतर करतात आणि ते गिळल्यानंतर शरीरात त्यापासून रक्तवाहिन्या शिथिल करणारे नायट्रिक ऑक्साइड तयार होऊ शकते. लंडन येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात निरोगी व्यक्तींनी सात दिवस तीव्र जंतुनाशक गुळण्या केल्यावर त्यांचा रक्तदाब पाऱ्याच्या २ ते ३·५ मिमी.ने वाढला. याच नायट्राइटाची दुसरी बाजू सुपारीच्या संदर्भात पुढे दिली आहे.

मुखातील जंतू व इतर अवयवांचे रोग यांचा संबंध हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. लंडनमधील वैद्य विल्यम हंटर यांनी १९०० मध्ये मुखातील पू हे अनेक रोगांचे मूळ असल्याचे मत मांडले. त्याचा अतिरेक होऊन पुढील तीन-चार दशकांत संधिवातापासून मनोविकारापर्यंतच्या रोगांवर उपाय म्हणून असंख्य दात अकारण काढले गेले. पुराव्याअभावी ही उपपत्ती मागे पडली. परंतु फिनलंडमध्ये १९८९ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांचे दंतारोग्य इतरांपेक्षा वाईट असल्याचे आढळल्यावर या विषयास पुन्हा चालना मिळाली. आजमितीस पुढील गोष्टी मान्य आहेत : मुखातील स्ट्रेप्टोकॉकस जंतू रक्तात शिरून विकृत झडपा असलेल्या हृदयात अंतःस्तराचा शोथ निर्माण करू शकतात, मधुमेहाने हिरड्यांचे रोग बळावतात आणि हिरड्यांच्या तीव्र रोगाने मधुमेहाचे नियंत्रण अवघड होते. हृदयरोहिणीविकार व संधिवाताभ संधिशोथ यांच्याशी हिरड्यांच्या रोगांचे साहचर्य दिसते; तथापि ते कार्यकारणस्वरूपाचे आहे, असे अद्याप निर्विवादपणे ठरलेले नाही.

तांबूलाचा मुखावर परिणाम : विड्यात नागवेलीचे पान, सुपारी, चुना व बहुधा कात असतो. पानातील बाष्पनशील तेलात फिनॉलवर्गीय जंतुरोधक द्रव्ये असतात. सुपारीत टॅनिने भरपूर असून त्यांमुळे तुरटपणा येतो. त्यांच्यातही जंतुरोधक गुण प्रयोगशाळेत दिसून आले आहेत. चघळण्याने लाळ भरपूर सुटते, चुन्यामुळे मुखातील अम्लता कमी होते आणि कठीण सुपारीने दात झिजून त्यांवरील अन्न अडकणाऱ्या खाचा नाहीशा होतात. विडा खाणाऱ्यांत दंतक्षय तुलनेने कमी असल्याचे निष्कर्ष काही पाहण्यांत निघाले, त्याचे स्पष्टीकरण या गोष्टींतून मिळते. प्राचीनांचे मुखशुद्धीविषयक निरीक्षण अगदीच निराधार नव्हते, असे यावरून म्हणता येईल.

परंतु हा लाभ एकांगी आहे. विडा खाणाऱ्यांच्या दातांवर कठीण किटण अधिक साचते, हिरड्या मागे सरतात, दातांची झीज होऊन ते दुखरे होतात. पश्चिम पॅसिफिकमधील ग्वाम बेटावरील सुपारी खाणाऱ्यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या मुखातील सूक्ष्मजंतूंची विविधता न खाणाऱ्यांपेक्षा कमी असल्याचे आढळले. तोंड ‘शुद्ध’ वाटणे व मुखातील समुदाय निरोगी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

तंतुमयता व कर्करोग यांचा शोध : भारतात मुखाचा कर्करोग व चघळण्याची सवय यांचा संबंध वैद्यांच्या लक्षात विसाव्या शतकाच्या आरंभापासून येऊ लागला होता. त्रावणकोरमधील रुग्णांविषयी आय. एम. ऑर यांनी १९३३ मध्ये लिहिले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या (स्थापना १९४१) परिसरात या विषयाचे पद्धतशीर संशोधन विकसित झाले. विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) व त्यांचे सहकारी एल. डी. संघवी यांनी १९५५ मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे आणि मुख-कंठाचे कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने मांडला. त्या काळी दोष मुख्यतः तंबाखूकडे जात असे. सुपारी बहुधा निर्दोष मानली जाई.

सुपारीकडे लक्ष वळले ते एका निराळ्या रोगामुळे. जे. श्वार्ट्‌झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये मुखाचे अस्तर आखडून कठीण होण्याच्या विकाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानी यांवर होणाऱ्या याच विकारास अधःश्लेष्मल तंतुमयता या अर्थाचे नाव दिले व तेच रूढ झाले. या रोगात प्रथम तिखट पदार्थांनी तोंडाची आग होते, पुढे श्लेष्मकला (बुळबुळीत अस्तर) पांढुरकी होते, गालात दोरीसारखे ताठ पट्टे लागतात आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. जीभ बाहेर काढणे, घास घेणे व बोलणेही कठीण होते. तोंडच उघडत नसल्याने दातांची स्वच्छता व उपचार यांत अडथळा येऊन किटण साचते व इतर मुखरोगही जडतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागात फली एस. मेहता, डॅनिश विकृतिवैज्ञानिक येन्स पिंडबोर्ग (१९२१–९५), पी. सी. गुप्ता इत्यादींनी भारताच्या अनेक जिल्ह्यांत घरोघर जाऊन मुखतपासणी केली. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या पाहणीचा त्यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात तंतुमयतेच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले असता त्यांपैकी ७·६ टक्के रुग्णांना कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये जाहीर करण्यात आले. १९९० मध्ये याच परंपरेतील संशोधकांनी रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या तुलनेवरून तंतुमयतेचे मुख्य कारण सुपारी हेच असल्याचे दाखविले.

रोगाची यंत्रणाही क्रमाने उलगडली. सुपारीतील ॲरेकोलीन हे अल्कलॉइड संयोजी ऊतकातील कोशिकांना कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन अधिक निर्माण करण्यास उद्युक्त करते. टॅनिने या तंतूंना न विघटणारे बनवितात. सुपारीतील तांबे तंतूंना परस्परांशी जखडणाऱ्या एंझाइमाचे कार्य वाढविते. चुन्याच्या क्षारधर्मी माध्यमात सुपारीतील पॉलिफिनॉलांपासून ऑक्सिजनाची विक्रियाशील रूपे निर्माण होऊन कोशिकांच्या डीएनएस इजा होते.

याच ठिकाणी सूक्ष्मजीवांचा इतिहास तांबूलाच्या इतिहासास येऊन मिळतो. मुखातील जंतूंनी नायट्रेटापासून बनविलेले नायट्राइट ॲरेकोलिनाशी संयोग पावून नायट्रोसामाइने ही कर्करोगजनक द्रव्ये तयार होतात. विडा चघळणाऱ्यांच्या लाळेत ती आढळली आहेत. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील व फ्रान्समधील ल्याँ येथील शास्त्रज्ञांनी १९८० नंतर हा विषय हाताळला. मुखाची स्वच्छता ज्यांची वाईट, त्यांच्या मुखात अशा संयुगांची निर्मिती अधिक होते, असेही दिसून आले. म्हणजे जो जंतुसमुदाय पालेभाजी खाणाऱ्यास उपकारक ठरतो, तोच सुपारी चघळणाऱ्याच्या मुखात विषनिर्मितीस हातभार लावतो. दोष जंतूंचा नसून त्यांच्यापुढे आलेल्या द्रव्याचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्याँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा मानवात कर्करोगजनक असल्याचे ठरविले. तंबाखूविरहित विड्याबाबत पुरावा तेव्हा अपुरा होता. नव्या पुराव्याच्या आधारे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात तंबाखूविरहित विडा व केवळ सुपारी हीदेखील मानवात कर्करोगजनक म्हणून नोंदविण्यात आली.

गुटखा व सामाजिक उपाय : १९८० नंतर पानमसाला व गुटखा यांच्या स्वस्त पुड्या सर्वत्र मिळू लागल्या आणि रोगाचे स्वरूप पालटले. विड्यात सुपारीबरोबर ओले पान असे, तो लावायला वेळ लागे व वडीलधाऱ्यांसमोर मुलांनी तो खाण्यास संकोच असे. पुडीत पान नाही, कोरड्या सुपारीचे प्रमाण फार जास्त आणि ती शाळकरी मुलाच्या खिशातही मावते. परिणामी पूर्वी प्रौढांत दिसणारी तंतुमयता तरुणांत व किशोरवयीनांत दिसू लागली व अल्प काळातच तीव्र होऊ लागली. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. बंदीनंतर सुपारी व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकण्याची युक्तीही पुढे आली. त्यामुळे कायद्याबरोबर शाळांतून होणारी तपासणी व लोकशिक्षण यांना पर्याय नाही, असे तज्ञांचे मत आहे.

एकदा निर्माण झालेली तंतुमयता पूर्णतः नाहीशी करणारा उपाय उपलब्ध नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम, अंतःक्षेपणे व शस्त्रक्रिया यांनी काही प्रमाणात आराम मिळतो; परंतु सुपारी सोडणे ही पहिली अट होय. तोंडात पूर्वीइतकी बोटे उभी मावत नाहीत, नेहमीच्या आमटीनेही आग होते, किंवा तोंडात पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांहून अधिक काळ राहतो, अशी लक्षणे दिसताच दंतवैद्याकडे जाणे हिताचे असते. सर्वसाधारण मुखारोग्यासाठी दिवसातून दोनदा फ्ल्युओराइडयुक्त दंतधावन, जीभ साफ करणे, गोड पदार्थ वारंवार न खाणे व मशेरी टाळणे एवढे उपाय पुरेसे परिणामकारक आहेत. सर्व जंतू मारण्याच्या हेतूने तीव्र जंतुनाशक गुळण्या वैद्यकीय सल्ल्यावाचून दीर्घकाळ करणे इष्ट नाही.

श्रीवर्धनपुढील प्रश्न : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर व हरिहरेश्वर परिसरातील नारळ-पोफळीच्या वाड्यांची मोठी हानी केली. पोफळ लावल्यापासून पीक येण्यास पाच ते सात वर्षे लागत असल्याने अनेक बागायतदारांचे एका पिढीचे उत्पन्न एका दिवसात बुडाले. वाड्या पुन्हा लावताना काय लावावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ हवामानाचा वा बाजारभावाचा राहिलेला नाही. ज्या फळावर गाव जगले, त्याच्या नित्य सेवनाने होणारा अपाय आता सिद्ध झालेला आहे. परंतु त्याची किंमत एकट्या बागायतदाराने मोजावी, हेही न्याय्य ठरणार नाही. मिश्र लागवडीची या भागातील जुनी पद्धत या दृष्टीने उपयुक्त आहे. नारळ, जायफळ, मिरी व केळ यांचा वाटा वाढविल्यास पोफळीवरील अवलंबन कमी होऊ शकते. पोफळीच्या गळून पडलेल्या झावळ्यांच्या रुंद देठापासून ताटे व द्रोण बनविता येतात. पूजेतील व मंगलकार्यांतील सुपारीची मागणीही राहणारच आहे, कारण तीत आरोग्यास धोका नाही. चघळण्यासाठी होणारी मागणी कमी होत जावी व तिच्या गतीने वाड्यांचे स्वरूप बदलावे, असा क्रम साधला गेला, तर वाडी व वाडीतील माणूस या दोहोंचे रक्षण होऊ शकेल.